शाळेत न येणाऱ्या मुलांकडे गेलेली शाळा : अनुताई वाघ आणि सर्वसमावेशक बालशिक्षण

‘अंगणवाडी’ हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी कागदपत्रांत आणि लोकांच्या तोंडी सारखाच रुळलेला आहे. देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाडी केंद्रे चालतात. सहा वर्षांखालील बालके, गर्भवती महिला आणि स्तनदा माता यांच्यासाठीची ही जगातील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या व्यवस्थांपैकी एक मानली जाते. मात्र हा शब्द कोणत्याही मंत्रालयात घडलेला नाही. त्याचा उगम महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात झाला. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तेथे केलेल्या प्रयोगांतून हा शब्द आणि त्यामागील विचार पुढे आला.

सर्वसमावेशक शिक्षण म्हटले की आज कायद्यातील तरतुदी, उतारमार्ग आणि विशेष शिक्षक डोळ्यांसमोर येतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु अनुताईंनी सत्तेचाळीस वर्षे चालवलेल्या कार्याचा पाया याहून साधा होता. आज कोणते मूल आले नाही आणि ते का आले नाही, हा प्रश्न शाळेने रोज स्वतःला विचारायचा. उत्तर मिळाल्यावर बदल मुलाने करायचा नाही, शाळेने करायचा. शाळेची जागा, वेळ, साहित्य आणि भाषा यांपैकी जे आड येत असेल ते बदलायचे. या एका सूत्राच्या आधारे जातीमुळे, दारिद्र्यामुळे आणि कामाच्या ओझ्यामुळे शिक्षणाबाहेर राहिलेल्या मुलांपर्यंत बालशिक्षण पोहोचले. अपंगत्वामुळे बाहेर राहिलेल्या मुलांबाबत मात्र तोच प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

शहरातील बालमंदिरापासून खेड्याकडे

या कार्याची सैद्धांतिक बैठक ताराबाई मोडक यांनी घातली. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी काम केले. त्यानंतर त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तेथे गिजुभाई बधेका मारिया मॉंटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयत्न करीत होते. मूल म्हणजे मोठ्यांची लहान प्रत नव्हे, ते इंद्रियांच्या अनुभवातून आणि स्वतःच्या कृतीतून शिकते, हा विचार तेथे आकाराला येत होता. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना आणि ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाचे संपादन यांद्वारे ताराबाईंनी तो गुजराती आणि मराठी पालकांपर्यंत नेला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईतील दादर येथे शिशुविहारची उभारणी केली.

शहरात हे काम यशस्वी ठरत असतानाच त्याची मर्यादाही स्पष्ट होत होती. बालमंदिरात येणारी मुले मुख्यतः शिक्षित आणि सुस्थितीतील घरांतील होती. परदेशी धर्तीचे शैक्षणिक साहित्य महाग होते. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत राहतात, त्या देशात बालशिक्षण हा मूठभरांचा विशेषाधिकार राहणार असेल, तर त्याचा राष्ट्राला उपयोग काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी मुंबई सोडून बोर्डी गाठले आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

शिक्षिकेपासून बालशिक्षणतज्ज्ञापर्यंत

या केंद्रात त्यांना जी सहकारी लाभली, ती स्वतःच शिक्षणाच्या वाटेवरील अडथळे ओलांडून आलेली होती. अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. बालवयातच त्यांचा विवाह झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्या काळातील रूढींप्रमाणे त्यांचे पुढील आयुष्य घराच्या चार भिंतींत संपले असते. परंतु त्यांनी शिक्षण चालू ठेवले, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे, तसेच पुढे पुण्यातील हुजूरपागा शाळेत शिक्षिका म्हणून काम केले. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

ग्रामीण भागात सेवा करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी कस्तुरबा ट्रस्टने बोरिवली येथे घेतलेल्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून पस्तीस वर्षांच्या अनुताई बोर्डीला आल्या. थोड्या काळासाठी स्वीकारलेले हे काम त्यांनी २७ सप्टेंबर १९९२ रोजी झालेल्या निधनापर्यंत सोडले नाही.

अंगण हीच शाळा

बोर्डी येथील बालवाडीचा आरंभ १९४५ च्या अखेरीस झाला. बालवाडीचे दार सर्वांसाठी खुले होते. तरीही काही मुले येत नसत. त्या काळी हरिजनवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील मुले त्यांत प्रामुख्याने होती. कागदावरील मोकळीक आणि प्रत्यक्षातील प्रवेश यांच्यात शतकानुशतकांचे अंतर होते. उच्चवर्णीयांच्या मुलांशेजारी आपले मूल बसवण्याची भीती एका बाजूला होती, तर ते बसू देण्याची अनिच्छा दुसऱ्या बाजूला होती. शिवाय आई-वडील दिवसभर मजुरीला गेल्यावर लहान मुलाला बालवाडीपर्यंत सोडायला घरी कोणी नसे.

यावर शोधलेला उपाय म्हणजे अंगणवाडी. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जायचे. गावाच्या मध्यभागी ठराविक वेळ चालणारी मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतील अंगणात काही वेळ भरणारी अंगणवाडी, असे दोन प्रकार विकसित झाले. शिक्षिका वस्तीत जात, मुले गोळा करीत, त्यांना आंघोळ घालीत, नखे कापीत आणि केस विंचरीत. त्यानंतर गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू होत.

या व्यवस्थेतील शैक्षणिक मर्म स्वच्छतेइतकेच जवळिकीत होते. ज्यांना स्पर्श करणे समाजाने निषिद्ध ठरवले होते, त्या मुलांना शिक्षिका स्वतःच्या हातांनी आंघोळ घालीत होत्या. अंगणात हे सारे आयांच्या आणि आजींच्या देखत घडत असे. लहान मुलांना काय शिकवतात, कसे शिकवतात, हे वस्ती रोज पाहत होती. त्यामुळे पालकशिक्षणासाठी वेगळी सभा बोलावण्याची गरज उरत नसे.

कोसबाड : कामाला जाणाऱ्या मुलांची शाळा

१९५७ मध्ये हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेण्यात आले. तत्कालीन ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील हा भाग प्रामुख्याने वारली आदिवासींचा आहे. वेठबिगारी आणि जमीनदारांच्या पिळवणुकीविरुद्ध वारल्यांनी १९४५ पासून दिलेला लढा याच परिसरात घडला होता. अशा समाजात शाळा ही संस्थाच परकी होती. मूल शाळेत गेले तर घरातील दोन हात कमी होणार, हा तेथील रोकडा हिशेब होता.

कोसबाडमध्ये हा हिशेब चुकीचा ठरवून पालकांना दोष देण्यात आला नाही. तो समजून घेण्यात आला. मुले गुरे चारायला कुरणात जात होती, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरओळख, मोजणी आणि निसर्गाचा अभ्यास होई. ही व्यवस्था कुरणशाळा या नावाने ओळखली गेली. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग घेण्यात आले.

मुलींची अडचण आणखी निराळी होती. आई कामावर गेली की धाकट्या भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी सहा-सात वर्षांच्या बहिणीवर येत असे. तिला शाळेत पाठवा, असे सांगणे म्हणजे कडेवरील बाळाला वाऱ्यावर सोडा, असे सांगण्यासारखेच होते. यातून ताराबाई आणि अनुताई यांनी ‘विकासवाडी’ची रचना केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. मोठी बहीण वर्गात बसली, मधले भावंड बालवाडीत खेळू लागले आणि तान्हे बाळ पाळणाघरात निजले. एकाच वेळी तीन मुलांच्या शिक्षणाची आणि संगोपनाची सोय झाली. आईलाही निर्धास्तपणे कामावर जाता आले.

विकासवाडीचा आणखी एक लाभ होता. बालवाडीतील खेळकर वातावरणातून पहिलीच्या वर्गात जाताना मुलाला एकदम अनोळखी शिस्तीला तोंड द्यावे लागत नसे. पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक शिक्षणातील ही सलगता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे वयोगटाच्या पायाभूत टप्प्याच्या रूपाने स्वीकारण्यात आली आहे. कोसबाडला ती अनेक दशके आधी, गरजेपोटी सुचली होती.

खडे, बिया आणि घरची बोली

साहित्याच्या बाबतीतही हाच दृष्टिकोन ठेवण्यात आला. मोजण्यासाठी खडे आणि बिया, वर्गीकरणासाठी पाने आणि शिंपले, तर चित्रांसाठी माती आणि नैसर्गिक रंग वापरण्यात आले. मॉंटेसरी पद्धतीतील तत्त्व कायम ठेवून वस्तू परिसरातील घेण्यात आल्या. यात काटकसर होतीच. त्याशिवाय, जी वस्तू मुलाने आपल्या घरी आणि रानात पाहिली आहे, तीच शाळेत हाताळताना त्याला आपले जग कमी दर्जाचे वाटत नाही. पाखरे, झाडे आणि ऋतू यांविषयीचे वारली मुलांचे ज्ञान शहरी मुलांपेक्षा अधिक असते. त्या ज्ञानाला वर्गात स्थान मिळाले की मूल मागासलेले उरत नाही, ते जाणकार ठरते.

घरची बोली हा असाच दुसरा आधार होता. वारली बोली आणि पाठ्यपुस्तकातील मराठी यांत अंतर आहे. लहान वयात भाषा हेच सुरक्षिततेचे घर असते. शाळेत पहिल्याच दिवशी आपले शब्द चुकीचे ठरवले गेले, तर मूल गप्प होते आणि ते गप्प राहणे पुढे ‘मठ्ठपणा’ समजले जाते. म्हणून शिक्षिकेने मुलांची बोली समजून घेऊन त्यांना हळूहळू प्रमाणभाषेकडे नेणे आवश्यक असते. ही गोष्ट पालघरइतकीच गडचिरोली, बस्तर किंवा झारखंडमधील मुलांनाही लागू पडते. मराठी माध्यमात शिकणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या आणि अन्य राज्यांत शिकणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांपुढेही हीच समस्या असते.

ही पद्धत एका व्यक्तीच्या तळमळीवर टिकणारी नाही, याची जाणीव अनुताईंना होती. त्यामुळे कोसबाडला बालसेविकांच्या प्रशिक्षणाला मध्यवर्ती स्थान देण्यात आले. स्थानिक स्त्रियांनी प्रशिक्षण घेऊन आपापल्या पाड्यांवर बालवाड्या चालवाव्यात, असा प्रयत्न झाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाल्यानंतर या कार्याची धुरा अनुताईंनी सांभाळली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मचरित्रात त्यांनी ही वाटचाल नोंदवून ठेवली आहे. १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ संस्थेची स्थापना केली. भारत सरकारने १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ताराबाईंना १९६२ मध्येच पद्मभूषण प्राप्त झाले होते.

राष्ट्रीय योजना आणि सुटलेला दुवा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा एकाच ठिकाणी देण्याचे ठरले. त्या ठिकाणाला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातील शब्द देशाचा झाला.

योजनेचा विस्तार झाला तसा तिचा भर स्वाभाविकपणे पोषणावर राहिला. कुपोषण आणि बालमृत्यू हे तातडीचे प्रश्न होते. त्यांचे मोजमाप वजनकाट्यावर करता येत होते. शिक्षणाचे मोजमाप तितके सोपे नव्हते. परिणामी अनेक ठिकाणी अंगणवाडीची ओळख ‘खाऊ मिळण्याचे ठिकाण’ अशी झाली आणि पूर्वप्राथमिक शिक्षण मागे पडले. अलीकडे हे चित्र बदलण्यासाठी २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम सुरू करण्यात आला. २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ असे आराखडे देण्यात आले.

एक वर्ग मात्र दीर्घकाळ या व्यवस्थेच्या नजरेआड राहिला. तो अपंगत्व असलेल्या बालकांचा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शून्य ते सहा वयोगटातील सुमारे २०.४२ लाख बालके अपंगत्व असलेली होती. या वयोगटातील एकूण बालकांच्या तुलनेत हे प्रमाण १.२४ टक्के होते. इतक्या लहान वयात अनेक प्रकारचे अपंगत्व ओळखलेच जात नाही. त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असण्याची शक्यता मोठी आहे.

मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना करणाऱ्या डॉ. मिथू अलूर यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लंडन येथे सादर केलेल्या संशोधनात याच मुद्द्यावर बोट ठेवले. सर्व बालकांसाठी असलेल्या योजनेत अपंग बालके प्रत्यक्षात वगळली जातात, असा त्याचा आशय होता. अशा बालकांना त्यांनी ‘अदृश्य मुले’ म्हटले. धारावीसारख्या वस्तीत अपंग आणि अन्य मुलांना एकत्र शिकवण्याचे त्यांच्या संस्थेचे काम या विचाराचे प्रात्यक्षिक ठरले. मेंदूचा पक्षाघात असलेले मूल वस्तीतील बालवाडीत इतर मुलांसोबत बसू शकते, शिकू शकते, हे त्यातून पुढे आले.

कायद्यातील वयाची दरी

अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्या स्पष्ट केली. अपंगत्व असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतील आणि अध्यापनाची पद्धत विविध प्रकारच्या विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार जुळवून घेतली जाईल, असा तिचा आशय आहे. मुलाने शाळेप्रमाणे बदलावे असे नव्हे, तर शाळेने मुलाप्रमाणे बदलावे, हे अनुताईंचे सूत्र येथे कायद्याच्या भाषेत आले आहे.

तथापि, या कायद्यानुसार निश्चित प्रमाणातील अपंगत्व असलेल्या बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयोगटात मिळतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा वयोगटाला लागू होतो. तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकारने करावी, एवढेच त्यात म्हटले आहे. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदातील तरतूद मार्गदर्शक तत्त्वाच्या स्वरूपाची आहे. म्हणजे ज्या वयात मदतीचा सर्वाधिक उपयोग होतो, त्याच वयात हक्काचा आधार सर्वांत दुबळा आहे. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नमूद आहे. ऐकू न येणाऱ्या मुलाला दुसऱ्या वर्षी श्रवणयंत्र किंवा खुणांची भाषा मिळाली, तर त्याची भाषा वेळेत घडू शकते. तीच मदत सातव्या वर्षी मिळाली, तर मधली वर्षे सहजासहजी भरून निघत नाहीत.

ही दरी काही अंशी भरून काढण्यासाठी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यप्रणाली जाहीर केली. विकासातील विलंबाची चिन्हे लवकर ओळखणे, बालकाला अंगणवाडीत आणि समाजात सामावून घेणे, कुटुंबाला सक्षम करणे आणि आशा सेविका व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांमार्फत उपचारांकडे पाठवणे, असे तिचे टप्पे आहेत.

या टप्प्यांतील बराचसा भाग महागड्या उपकरणांवर अवलंबून नाही. मान न धरणाऱ्या मुलासाठी भिंतीच्या कोपऱ्यात गोधडीचा आधार करता येतो. कमी दिसणाऱ्या मुलाला उजेडाकडे बसवता येते आणि मोठ्या, ठळक वस्तू हाताळायला देता येतात. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी गाणे हावभावांसह म्हटले की त्याचा लाभ वर्गातील प्रत्येक मुलाला होतो. खडे आणि बिया यांवर उभे राहिलेले बालशिक्षण येथेही उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी आधी ते मूल अंगणवाडीत आलेले असावे लागते आणि आले नसेल, तर त्याच्या घरी जाणारे कोणीतरी असावे लागते.

सेविकेच्या खांद्यावरील भार

ते ‘कोणीतरी’ म्हणजे अंगणवाडी सेविका. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी, मोबाइलमधील माहिती आणि शिक्षण ही सारी कामे तिच्याकडे आहेत. तरीही शासनदरबारी ती मानधनावरील मानद कार्यकर्ती आहे. केंद्राच्या २०१८ च्या निर्णयानुसार सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात निर्णय देताना अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचे स्पष्ट केले आणि त्यांच्या कामाच्या स्वरूपाची दखल घेतली.

अनुताईंची कारकीर्द अनेकदा त्यागाची गाथा म्हणून सांगितली जाते. ती त्यागाची होतीच. परंतु लाखो सेविकांकडून त्याच त्यागाची अपेक्षा ठेवून राष्ट्रीय व्यवस्था चालवता येत नाही. बालशिक्षण हे प्रशिक्षण, निरीक्षण आणि अभ्यास यांची मागणी करणारे व्यावसायिक कौशल्य आहे, हे कोसबाडच्या बालसेविका प्रशिक्षणात गृहीत धरलेले होते. सर्वसमावेशकतेची जबाबदारी सेविकेवर सोपवायची, तर तिला तेवढा वेळ, प्रशिक्षण, विशेष शिक्षकाचे साहाय्य आणि योग्य मोबदला द्यावा लागेल. हजेरीपटावर आलेल्या मुलांची संख्या नोंदवण्यास रकाना असतो. वस्तीतील कोणते मूल अद्याप आलेले नाही, याची नोंद ठेवायला आणि त्याच्या दारापर्यंत जायला सेविकेला मोकळीक मिळाली, तर बोर्डीच्या अंगणात आरंभलेले काम त्या बालकांपर्यंतही पोहोचू शकेल.